अहिल्या : पाटीवरचें नांव आणि पाळण्यांतलें नांव

गेल्या सहामाहींत आठव्या इयत्तेस आम्हीं "आमच्या जिल्ह्याचें नांव" या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. बेचाळीस वह्या आल्या. बहुतेक वह्यांत काशीचें मंदिर, नदीचे घाट, धर्मशाळा व विहिरी ही यादी शिस्तीनें उतरली होती. कित्येकांचीं वाक्यें एकमेकांशीं इतकीं जुळत होतीं कीं, सर्वांनीं एकाच आडाचें पाणी शेंदलें हें उघड दिसत होतें. असो. वह्या परत देतांना आम्हीं सहज विचारलें, "तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं अहिल्या नांवाचें कोणी आहे काय?" बराच वेळ एकही हात वर झाला नाहीं. अखेर मागच्या बांकावरची एक मुलगी उठून हळूच म्हणाली, "सर, माझी आजी होती."

मधल्या सुटींत ती मुलगी आपण होऊन आमच्याकडे आली व तिनें पुढची हकीकत सांगितली. तिला नुकतीच धाकटी बहीण झाली होती. आजी वारून तीन वर्षें झालीं. नातीच्या रूपानें तिचें नांव घरांत परत यावें, अशी आजोबांची इच्छा. पण आईनें स्पष्ट नकार दिला. "रामायणांतली अहिल्या शापानें शिळा झाली, तें नांव माझ्या लेकीला नको," असें तिचें म्हणणें. बारशाच्या दिवशीं कानांत नांव सांगण्याचा मान ज्यांचा, त्या आत्याबाईंना तें नांव जुनाट वाटलें. शाळेंत पोरी हसतील, असें त्या म्हणाल्या. वडील तर निराळेंच बोलले : "जिला लोक देवी म्हणतात, तिच्या नांवानें पोरीला उठतां-बसतां हांका मारायच्या आणि रागवायचें, हें बरें नव्हे." बारसें झालें, घुगऱ्या वांटल्या, पण नांव ठरलें नाहीं. नगरपालिकेंत जन्माची नोंद झाली. नांवाचा रकाना मात्र कोरा राहिला.

ही एका घरची गोष्ट असली तरी तींत सगळ्या जिल्ह्याचें चित्र आहे, असें आम्हांस वाटतें. २०२३ सालीं ३१ मे या दिवशीं चौंडी येथें या जिल्ह्याच्या नव्या नांवाची घोषणा झाली, २०२४ सालीं त्यास सरकारी मान्यता मिळाली, आणि अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. आतां हें नांव कचेऱ्यांवर आहे, एस.टी.च्या पाट्यांवर आहे, आमच्या शाळेच्या शिक्क्यावरही आहे. पाळण्यांत मात्र तें कोणी घालीत नाहीं. आमच्या पटावर आर्या, अनन्या, आराध्या यांची गर्दी आहे. अहिल्या एकही नाहीं. याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटलें. आम्ही ख्रिस्ती आहों व ती थोर बाई शिवभक्त होती, म्हणून कोणास नवल वाटेल. पण जिच्या नांवाच्या गांवीं आपण राहतों, तिच्या नांवाचा विचार करण्यास धर्माची आडकाठी कसली?

प्रथम शब्दाकडे पाहूं. संस्कृतांत मूळ रूप अहल्या असें आहे. पंडितांच्या लेखणींत तेंच राहिलें, लोकांच्या जिभेवर अहिल्या झालें, आणि सरकारी पाटीवर शेवटीं जिभेचाच जय झाला. तमिळ लोक त्याच नांवाचें अगलिगै करतात. हल म्हणजे नांगर. तेव्हां अहल्या म्हणजे जिला नांगर लागला नाहीं ती भूमि, असा एक अर्थ सांगतात. हा अर्थ आम्हीं वर्गांत सांगितला तेव्हां जामखेडकडचा एक विद्यार्थी चटकन म्हणाला, "म्हणजे पडीक रान, सर!" सारा वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. पण पडीक म्हणजे कसून सोडून दिलेलें, आणि अहल्या म्हणजे जिच्यावर अद्याप कोणाचा फाळ चाललाच नाहीं ती; हा फरक शेतकऱ्याच्या मुलास समजावून द्यावा लागला नाहीं. रामायणाच्या उत्तरकांडांत दुसरी फोड आहे. तेथें ब्रह्मदेव सांगतो कीं, हल म्हणजे कुरूपता. जिच्या ठायीं कुरूपतेचा लेशही नाहीं ती अहल्या. आणि कुमारिलभट्टासारख्या मीमांसकानें तर सारी कथाच एका रूपकांत बसविली. इंद्र म्हणजे सूर्य, अहल्या म्हणजे दिवसांत लीन होणारी रात्र. सूर्य उगवला कीं रात्र सरते, एवढाच त्या कथेचा अर्थ, असें त्याचें म्हणणें. यांतील कोणती व्युत्पत्ति खरी मानावी हें पंडितांनीं पाहावें. तिन्हींपैकीं एकींतही अमंगळ असें कांहीं नाहीं, हें मात्र आमच्यासारख्या साध्या शिक्षकासही दिसतें.

अमंगळ वाटतें तें कथेमुळें. गौतम ऋषींची पत्नी, इंद्राचें कपट, पतीचा शाप आणि रामाच्या आगमनानें झालेली सुटका, ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. परंतु ज्या शिळेची त्या माउलीस भीति वाटली, ती शिळा वाल्मीकीच्या बालकांडांत नाहीं. तेथें अहल्या कोणाच्या दृष्टीस न पडतां, वायु भक्षण करून, भस्मांत पडून तप करीत राहते, आणि राम आश्रमांत येतांच पूर्वीप्रमाणें प्रगट होते; राम व लक्ष्मण तिच्या पायांस स्पर्श करून वंदन करतात. तिचा दगड नंतरच्या कवींनीं व पुराणिकांनीं केला. पुढें त्याच परंपरेनें सकाळीं उठून ज्या पांच स्त्रियांचें स्मरण करावयाचें, त्यांत पहिलें नांव अहल्येचें घातलें. दूषण लावणारे आणि प्रातःकाळीं नांव घेणारे लोक एकच, हा मोठा चमत्कार आहे! तिच्या पदरीं जें दूषण आलें, त्याचा मुख्य अपराधी इंद्र. पण इंद्रजित्, इंद्रसेन, इंद्रायणी हीं नांवें ठेवतांना कोणाच्या आईस भीति वाटल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं.

आतां चौंडीकडे वळूं. जामखेड तालुक्यांतील त्या लहानशा गांवीं १७२५ सालीं ३१ मे रोजीं पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरीं कन्या झाली व तिचें नांव अहिल्या ठेविलें. माणकोजी पाटलांस अहल्येची कथा ठाऊक नव्हती असें थोडेंच आहे? कीर्तनें व पुराणें तेव्हां आजच्यापेक्षां अधिक ऐकलीं जात. कथा ठाऊक असून, कुणब्यांच्या आणि धनगरांच्या त्या गांवांत, तीनशें वर्षांपूर्वीं एका पाटलानें हें नांव बिनदिक्कत ठेविलें. आणि आज शिकलेले लोक तें ठेवावयास कचरतात. त्या मुलीस शाळा नव्हती. लिहिणें-वाचणें मात्र ती शिकली. मुलींस अक्षरओळख करून देण्याची चाल नसतांना शिकली, हें आमच्या विद्यार्थिनींनीं ध्यानांत ठेवावें. आठ वर्षांची होण्याच्या सुमारास ती मल्हारराव होळकरांची सून झाली. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पति खंडेराव तोफेच्या गोळ्यानें पडले. त्या काळच्या चालीप्रमाणें ती सती जावयास निघाली असतां सासऱ्यानें तिला आडविलें, दौलतीच्या कामाकाजांत घातलें. १७६६ सालीं मल्हारराव गेले, दुसऱ्याच वर्षीं एकुलता एक पुत्र मालेराव गेला. मग तिनें राज्याचा भार स्वतः उचलला, नर्मदेच्या कांठीं महेश्वर येथें राजधानी केली, फौजेचें काम तुकोजी होळकरांकडे दिलें आणि १७९५ सालीं १३ ऑगस्ट रोजीं डोळे मिटेपर्यंत तें राज्य चालविलें.

मंदिरें व घाट यांची यादी बेचाळीस वह्यांत आलीच आहे. ती आम्ही येथें पुन्हां देत नाहीं. त्या वह्यांत जें आलें नाहीं तें सांगतों. ती रोज दरबारांत बसे व फिर्याद करणाऱ्याचें म्हणणें स्वतः ऐके. निपुत्रिक वारलेल्या सावकाराची संपत्ति सरकारांत ओढून घेण्याची संधि कारभारी तिला दाखवीत. ती विधवेस दत्तक घेण्याची परवानगी देई आणि तिचें धन तिच्यापाशींच ठेवी. महेश्वरी लुगडीं आमच्या पालकांपैकीं कित्येक माउलींच्या कपाटांत असतील. महेश्वरच्या त्या विणकामास तिनेंच उत्तेजन दिलें, असें मानतात. आमच्या जिल्ह्यांतील संगमनेरचा शाहीर अनंतफंदी याचा तमाशा ऐकून तिनें त्याची वाणी ईश्वराच्या गुणगानाकडे लावण्याचा उपदेश केला, आणि तो पुढें कीर्तनें करूं लागला, असेंही सांगतात. चौंडीची लेक आणि संगमनेरचा फंदी महेश्वरीं भेटले. नगरची माणसें गांवापासून दूरच एकमेकांस नीट ओळखतात, असें कधीं कधीं वाटतें!

तथापि तिच्या आयुष्यांतील जो प्रसंग आम्हांस सर्वांत अधिक हलवून सोडतो, तो १७९१ सालचा. तिची कन्या मुक्ताबाई हिचे पति यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाईचा मुलगा त्याआधींच गेला होता. मुक्ताबाईनें सती जाण्याचा निश्चय केला. जिला स्वतःला एकदां त्या चितेवरून मागें फिरविलें होतें, त्या आईनें लेकीस परोपरीनें विनविलें, पाय धरले. लेकीनें ऐकिलें नाहीं. हजारों लोकांचा न्याय करणारी राज्यकर्ती त्या दिवशीं नर्मदेच्या कांठीं उभी राहून आपली लेक जळतांना पाहत होती. सर जॉन माल्कम यांनीं १८२३ सालीं छापलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथांत हा प्रसंग आला आहे. तिला पाहिलेलीं माणसें तेव्हां हयात होतीं व त्यांच्याच तोंडून त्यांनीं ती माहिती मिळविली. सतीची चाल कंपनीच्या मुलुखांत बंद झाली ती १८२९ सालीं. या प्रसंगीं तिचें सामर्थ्य कमी पडलें असें कोणी म्हणेल. आम्हांस तर येथेंच ती देव्हाऱ्यांतून उतरून आपल्या ओसरीवर येऊन बसते. लेकीसाठीं रडलेली आई कोणत्याही घरांत परकी नव्हे. नांव ठेवावयाचें तर अशा बाईचें ठेवावें.

माल्कम परमुलखाचे, त्यांतून मराठ्यांशीं लढलेले सेनापति. त्यांनींही तिच्याविषयीं आदरानें लिहिलें. त्यांचें वर्णन जोआना बेली या स्कॉटलंडच्या कवयित्रीपर्यंत पोंचलें, आणि तिनें १८४९ सालीं अहल्याबाईवर एक दीर्घ काव्य प्रसिद्ध केलें. ही जोआना एका ख्रिस्ती पाळकाची मुलगी. काव्य छापलें तेव्हां तिचें वय ऐंशींच्या पुढें होतें. चौंडीच्या पाटलानें मुलीच्या कानांत सांगितलेलें नांव अशा रीतीनें सातासमुद्रांपलीकडे एका म्हातारीनें छापविलें.

आमच्या ख्रिस्ती मंडळींसही नांवांची हीच कसोटी लागू आहे. आमच्यांत रूथ, एस्तेर, मार्था पुष्कळ. पण राहाब कोणी सांपडावयाची नाहीं. यरीहोची ती वेश्या. मात्र तिनें हेरांस आश्रय दिला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांतील वंशावळींत तिचें नांव मानानें आलें. पवित्र शास्त्रानें जें नांव स्वीकारलें, तें आम्ही दोन हजार वर्षांनंतरही पाळण्यांत घालावयास धजत नाहीं. मग त्या माउलीस कोणत्या तोंडानें बोल लावावा? उलट मग्दालीया मरीयेचें पहा. ती पापिणी होती असें एकही शुभवर्तमान सांगत नाहीं. ५९१ सालीं पोप ग्रेगरी यांनीं आपल्या प्रवचनांत तिला दुसऱ्या एका पापी स्त्रीशीं एक करून टाकलें व तो डाग शतकानुशतकें राहिला. तरीसुद्धां मॅग्डेलिन हें नांव युरोपांत आणि आपल्याकडेही लोकांनीं आवडीनें ठेविलें. मुलीच मोठ्या होऊन नांव धुऊन काढतात.

याहून जवळचें उदाहरण याच शहरांत आहे. कुमारी सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८३९ सालीं येथें आल्या, मुलींच्या शाळा चालविल्या आणि १८६२ सालीं येथेंच वारल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली, हें सर्वांस ठाऊक आहे. सिंथिया म्हणजे काय, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. ग्रीक लोकांची आर्तेमिस म्हणून देवी, तिचा जन्म किंथॉस डोंगरावर झाला, म्हणून ती सिंथिया. पुढें कवींनीं चंद्रासच तें नांव दिलें. म्हणजे सनातनी ख्रिस्ती घरांतल्या मायबापांनीं मुलीस मूर्तिपूजकांच्या देवीचें नांव ठेविलें, आणि ती मुलगी मिशनरी झाली! या बाईंचा जन्म १७९५ सालचा. त्याच सालीं महेश्वरीं अहिल्याबाई निवर्तल्या. आणि चंद्राचेंच नांव बोलावयाचें तर आमच्या किल्ल्याची चांदबीबी विसरून कसें चालेल? १५९५-९६ सालीं तिनें मोगलांच्या वेढ्यांत किल्ला राखला. अहमद निजामशहानें १४९० सालीं वसविलेल्या या शहरास स्त्रियांच्या नांवांची उणीव कधींच नव्हती.

आत्याबाईंच्या जुनाटपणाच्या तक्रारीविषयीं फार लिहावयास नको. आज जें नवें म्हणून मोबाइलवर शोधून काढतात, तें वर्गांत एकदम पांच मुलींचें निघतें, आणि आम्हांस आडनांवानें हांक मारावी लागते. अर्थ विचारावा तर मुली एकमेकींकडे पाहतात. उलट ज्यांच्या अंगीं कर्तृत्व होतें त्यांना हें नांव आड आलें नाहीं. अहिल्याबाई रांगणेकर १९२२ सालीं पुण्यास जन्मल्या, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत लढल्या, महागाईविरुद्ध मृणाल गोरे यांच्याबरोबर बायकांना हातांत लाटणीं घेऊन रस्त्यावर आणिलें, १९७७ सालीं मुंबईहून लोकसभेवर निवडून गेल्या. त्यांचीं मतें कोणास पटोत वा न पटोत. त्यांच्या नांवास हंसण्याची छाती कोणाची झाली नसावी.

वडिलांची शंका मात्र आम्हांस विचार करावयास लावणारी वाटली, कारण ती भक्तींतून आली आहे. देवीचें नांव घेऊन पोरीस रागवायचें कसें? परंतु याच जिल्ह्यांत कोणत्याही गांवीं पारावर उभें राहून "अरे शिवाजी!" अशी हांक द्यावी, दोन तरी माणसें वळून पाहतील. एक ट्रॅक्टर चालवीत असेल, दुसरा दूध घालावयास निघाला असेल. त्यांच्या बापांनीं त्यांना त्या नांवानें शिव्याही दिल्या असतील. म्हणून छत्रपतींचा मान उणा झाला काय? तुकाराम, ज्ञानेश्वर, एकनाथ या नांवांचीं मुलें आमच्या हातचा मारही खाऊन गेलीं आहेत, हें आम्ही कबूल करतों. पुरुषांचीं थोर नांवें आपण घरांत वापरून झिजवितों, आणि बाईचें नांव तेवढें देवी म्हणून उंच कोनाड्यांत ठेवितों. उंच ठेविलें म्हणजे पूजा होते खरी. पण मग मुलीस तिच्यासारखें होण्याचा प्रश्नच उरत नाहीं. विद्यापीठास तें नांव आहे, विमानतळास आहे, जिल्ह्यास आहे. दगडविटांस चालतें तें जिवंत मुलीस कां चालूं नये? दगडाची भीति मुळांत होती ती तर मुलीविषयींच ना?

जन्ममृत्यु-नोंदणीच्या कायद्याप्रमाणें जन्माची नोंद नांवावांचून झाली असली तरी एका वर्षाच्या आंत फी न देतां नांव घालतां येतें. त्यानंतर विलंबाची फी द्यावी लागते. हें आम्हीं त्या विद्यार्थिनीस सांगितलें आहे. तिनें तें घरीं सांगितलें. आजोबांनीं कागद तक्त्यावरून काढून कोनाड्यांत ठेविला, आईनें तो पुन्हां तक्त्यावर ठेविला, एवढीच प्रगति तिच्याकडून कळली. तिच्या आईस ही वाल्मीकीची हकीकत ठाऊक नसावी. हा अंक छापून झाला म्हणजे त्याची एक प्रत त्या मुलीच्या हातीं आम्ही घरीं पाठविणार आहों. रकाना अजून कोराच आहे.